शाळा मरीनाला, स्वागताचं भाषण आमच्याकडे

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

इथे आखातात आमच्या मराठी मंडळाची शनिवारची मराठी शाळा कुठे भरवायची, याची आज मीटिंग होती. समुद्राकाठच्या महागड्या मरीनावाल्यांनी स्वतःच्याच टॉवरमधला हॉल आधीच ठरवून टाकला होता.

मी म्हटलं, "शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, इंटरनॅशनल सिटीतून आमची मुलं येणार कशी? तिकडे पण एक वर्ग काढा ना."

सेक्रेटरी वहिनी गोड हसल्या. "रुक्साना, तुम्ही रत्नागिरीचे. तुमची मुलं घरी मराठीच बोलतात. त्यांना शाळा कशाला?"

"बोलतात हो, पण वाचता कुठे येतं?"

"आमची तर पाणीसुद्धा इंग्लिशमध्ये मागतात! खलास, ठरलं."

भराभर हात वर झाले.

निघताना त्याच वहिनी माझ्या लेकीला, सनाला म्हणाल्या, "उद्घाटनाला स्वागताचं भाषण तूच कर हं. आमच्या मुलांना नाही जमायचं."

म्हणजे शाळा तुमची आणि जीभ आमची!

भाषण व्हॉट्सॲपवर आलंय. सनाला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी एकेक ओळ वाचून दाखवतेय आणि ती पाठ करतेय. पहिलीच ओळ आहे, "आमच्या शाळेत आपलं स्वागत."

ती थांबली. डोळे चमकले. "अम्मी, आमच्या शाळेत? सो आय गॉट ॲडमिशन?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?