बेटावरचं चर्च आणि अल ऐनची मंडळी

दुबईच्या विमानतळावर माझ्या धाकट्या भावानं, विजयनं, मला पाहताच लांबून "ताई, सलाम!" अशी हाक मारली. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, पांढरा कंदुरा (पायघोळ अरबी अंगरखा) घातलेल्या गृहस्थांनी त्याच्याकडे वळून अदबीनं "वालेकुम सलाम" म्हटलं. आम्ही अहमदनगरचे ख्रिस्ती लोक भेटल्यावर एकमेकांना सलामच म्हणतो, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! विजय हसला. "इथे मला कधी परकं वाटलंच नाही, त्याचं हे एक कारण," तो म्हणाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि परदेशात पाऊल टाकण्याची ही पहिलीच वेळ होती. विजयनं मला आधी बर दुबईला नेलं. खाडीवरच्या अब्रात (लाकडी होडीत) बसून आम्ही पलीकडे गेलो आणि तशाच दुसऱ्या अब्रातून परत आलो, निव्वळ माझ्या हौसेखातर. मीना बाजारात कापडाच्या दुकानातला सिंधी दुकानदार माझ्याशी हिंदीत बोलता बोलता मराठीवर आला. जवळच्या गल्लीत देवळाबाहेर झेंडूच्या माळा टांगल्या होत्या आणि वरून मशिदीची बांग ऐकू येत होती. इथे कोणाला काय चालतं, कोण कोणाला परवानगी देतं, असं सगळं मला विचारायचं होतं. विजय म्हणाला, "हळूहळू कळेल. आपल्याकडेही सध्या तोच प्रश्न पेटलाय."

तो काय म्हणत होता, ते अल ऐनला पोचल्यावर कळलं.

अल ऐन हे वाळवंटातलं हिरवं, शांत गाव. खजुराच्या बागांतून फलज (पाण्याचा पाट) झुळझुळ वाहतो आणि त्याच्या कडेनं चाललं की उन्हाचा विसर पडतो. विजय तिथे सिमेंटच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्याची बायको आशा इस्पितळात नर्स. सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारी. चर्चच्या आवारात एकेक भाषा पाळीपाळीनं जागा घेते. सकाळी इंग्रजी, मग मल्याळम, मग तमिळ, आणि दुपारी मराठी. त्या शुक्रवारी दुपारी मी नवी साडी नेसून तयार झाले, तर घरात कोणी हलेना.

"आत्या, देअर इज नो सर्व्हिस," माझी भाची रिया सोफ्यावरून म्हणाली. "दे आर फायटिंग."

भांडण असं होतं. मराठी मंडळीचे, म्हणजे चर्चमधल्या मराठी सभासदांच्या समूहाचे, पाळक (धर्मोपदेशक) मुदत संपून भारतात परतले होते आणि नव्या पाळकांचा व्हिसा अडकला होता. मधल्या काळात प्रार्थना, गाणी, बायबलवाचन हे सगळं आशा चालवत होती आणि लोकांना ते आवडतही होतं. मग कोणीतरी म्हणालं, महिनोन् महिने प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) झालेलं नाही, आशाताईंनीच भाकर मोडून द्यावी. यावर मंडळीचे सचिव मनोहर साळवे उठून उभे राहिले आणि म्हणाले, पाळकपदाची दीक्षा न झालेल्या माणसाला तो अधिकार नाही. साळवे म्हणजे विजयचा शाळेपासूनचा मित्र. त्या दिवसापासून दोघे बोलेनासे झाले आणि मंडळी भरायची बंद झाली.

संध्याकाळी साळवे स्वतः मला भेटायला आले. विजय मुद्दाम गच्चीवर निघून गेला.

"ताई, तुम्ही पाळकाची मुलगी, त्यातून इतिहासाच्या प्रोफेसर. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?"

"आशा चांगली चालवत नाही का?"

"उत्तम चालवतात. प्रश्न तो नाहीच. मी आधी दुसऱ्या गावात होतो. तिथे एक जण उठला, म्हणाला, मला देवानं थेट सांगितलंय. गोड बोलायचा. वर्षभरात त्यानं आमची मंडळी फोडली, दोन घरं मोडली. त्याला कोणी विचारू शकलं नाही, कारण त्याच्यावर कोणी नव्हतंच. आशावहिनी तशा नाहीत, पण उद्या त्यांच्या जागी कोण येईल? नियम त्याच्यासाठी असतो."

त्यांच्या डोळ्यांत हट्टापेक्षा भीती जास्त दिसत होती.

आता बेटाची गोष्ट. मी येणार म्हणून विजयनं आणि साळव्यांनी, भांडणाआधीच, एका इतिहासप्रेमी मंडळाच्या सहलीत आमची नावं दिली होती. अबू धाबीच्या पश्चिमेला सर बनी यास नावाचं बेट आहे आणि तिथे जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडले आहेत. परवानगी नावानिशी मिळालेली, शिवाय फोर-व्हील ड्राइव्हची दणकट गाडी साळव्यांचीच. तेव्हा नाइलाजानं तिघं एका गाडीतून निघालो. मी पुढे, विजय मागे. रस्ता लांबलचक, एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला मिठागरासारखी पांढरी दलदल. दोघांनाही माझ्याशीच बोलायचं होतं. "ताई, त्याला विचारा एसी कमी करू का." "ताई, त्याला सांग चालेल." पेट्रोल पंपावर आम्ही कागदी पेल्यातला चहा घेतला. साळव्यांनी विजयच्या चहात न विचारता जास्तीची साखर घातली. विजयनं तो मुकाट प्यायला.

बोटीतून उतरलो तर समोर हरणं! शेखांनी बेटावर झाडं लावून जनावरं सोडली आहेत. मठ मात्र साधा. चर्चच्या भिंतींचे गुडघ्याएवढे उरलेले पाये आणि भोवती संन्याशांच्या खोल्या. इथे चुन्याच्या गिलाव्यात कोरलेले क्रूस निघाले होते. त्यांचे फोटो आम्हाला दाखवले. दगडांवरून हात फिरवताना माझ्या अंगावर काटा आला. नगरला ख्रिस्ती धर्म आणला मिशनऱ्यांनी, त्याला दोन शतकंही झाली नाहीत. आणि इथे, अरबस्तानच्या किनाऱ्यावर, साधारण सातव्या शतकात लोक प्रभूची प्रार्थना करत होते.

माहिती सांगणाऱ्या इंग्रज बाईंनी इथल्या खोदकामावर काम केलं होतं. उन्हानं रापलेल्या, डोक्यावर कापडी टोपी. मी त्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. हे मठवासी कोणाचं ऐकत? त्यांच्यावर कोण होतं?

"हा प्रश्न त्यांनाही पडला होता," त्या हसून म्हणाल्या, आणि जे सांगितलं ते ऐकून आम्ही तिघंही थबकलो. या किनाऱ्यावरचं चर्च पूर्वेकडच्या चर्चचा भाग होतं. त्याचे सर्वोच्च धर्माध्यक्ष दूर, आजच्या इराकमध्ये. सातव्या शतकात या किनाऱ्यावरच्या बिशपांनी त्यांना कळवलं, आम्ही तुमच्याकडून दीक्षा घ्यायला येणार नाही. समुद्रापलीकडच्या इराणातले मोठे बिशपही त्याच सुरात बोलत होते. धर्माध्यक्षांनी पत्रांवर पत्रं पाठवली. कधी बिशपांना रागावून, कधी त्यांना वगळून थेट मठवाशांना आणि लोकांना. अधिकाराची साखळी तुटली तर दीक्षा कशी पोचणार, असा त्यांचा सवाल होता. भारतातल्या चर्चलासुद्धा या भांडणापायी बिशप मिळेनासे झाले, अशी त्यांची तक्रार होती.

"बघा!" साळवे एकदम म्हणाले. "साखळी तुटली की हे असं होतं. भोगलं कोणी? आपल्या लोकांनी."

"पण इथली प्रार्थना थांबली का?" विजय त्यांच्याकडे वळून म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो त्यांच्याशी थेट बोलत होता. "एवढं चर्च उभं राहिलंच ना?"

"मग बरोबर कोण होतं?" मी बाईंना विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. पत्रं धर्माध्यक्षांचीच तेवढी उरली आहेत, बिशपांची उत्तरं कोणी जपली नाहीत, असं त्या म्हणाल्या. हे मठवासी नेमके कोणाच्या बाजूनं होते, तेही दगड सांगत नाहीत.

परतताना वारा सुटला. एक लाट सरळ बोटीत आली आणि आशानं दिलेल्या डब्यातल्या पुऱ्यांची खीर झाली. आम्ही ओलेचिंब किनाऱ्याला लागलो. एका कॅफेटेरियात खुबूस (अरबी रोटी) आणि डाळ खाल्ली. जेवणाआधी साळवे सवयीनं म्हणाले, "विजय, प्रार्थना कर." त्यानं केली. गाडीत मात्र वाद पुन्हा जुंपला. तरी आता ते एकमेकांशी भांडत होते, हेच मला पुष्कळ वाटलं.

घरी आलो तर आशा दारातच उभी. साळव्यांची आई बाथरूममध्ये घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, हृदय आधीच कमजोर. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं.

साळवेबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या संगमनेरकडे बायबलबाई होत्या, म्हणजे खेड्यापाड्यांत पायी फिरून बायकांना वचन शिकवणाऱ्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मुलाकडे एकच मागणं लावून धरलं होतं. ऑपरेशनआधी प्रभुभोजन हवं. साळव्यांनी सगळीकडे फोन केले. इंग्रजी मंडळीचे पाळक रजेवर मायदेशी गेलेले. मल्याळी अच्चन (धर्मगुरू) धावत आले, बाईंच्या डोक्यावर हात ठेवून सुंदर प्रार्थना केली. पण त्यांच्या चर्चच्या नियमानं बाहेरच्यांना ते प्रसाद देऊ शकत नव्हते. "माफ करा, मला तो अधिकार नाही," असं त्यांनी हिंदीत सांगितलं.

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "मनोहर, आशाला बोलाव."

"आई, तुम्हाला माहीत आहे..."

"मला माहीत आहे. ऐक. मी तरुण होते तेव्हा वस्तीवरच्या एका बाईनं असंच मागितलं होतं. बाळंतपणात अडलेली. मी म्हटलं, मला अधिकार नाही, पाळक येतील. नदीला पूर होता. पाळक आले तेव्हा तिला पुरून झालं होतं. मी नियम पाळला. बरोबर केलं की चूक, ते मला अजून कळलेलं नाही. पण आता त्या बाईच्या जागी मी आहे, आणि मला भूक आहे."

साळवे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आशा इस्पितळाच्या गणवेशातच आली. तिनं खुबूसचा तुकडा आणि द्राक्षाचा रस आणला होता, पण ती पलंगापाशी गेली नाही. "भाऊजी, तुम्ही नको म्हणालात तर मी नुसती प्रार्थना करीन," ती म्हणाली.

मग साळव्यांनी आईच्या उशीजवळचं बायबल उचललं आणि पान काढलं. "वाचन मी करतो," ते म्हणाले. शेवटच्या भोजनाचा भाग त्यांनी स्पष्ट, सावकाश वाचला. आशानं भाकर मोडली. बाईंना दिली, विजयला दिली, मला दिली. साळव्यांपुढे हात आला तेव्हा त्यांनी मान हलवली. "मला नाही घेता येणार, वहिनी. रागावू नका."

"नाही रागावत," आशा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. भूल उतरल्यावर बाईंनी पहिली तक्रार इस्पितळाच्या सूपबद्दल केली. पुढच्या शुक्रवारी मराठी मंडळी पुन्हा भरली. आशानं चालवली, साळवे सचिव म्हणून शेजारी बसले. प्रभुभोजन मात्र नवे पाळक येईपर्यंत नाही, असं दोघांनी मिळून जाहीर केलं.

मी नगरला परतले. काही महिन्यांनी विजयचा फोन आला. नवे पाळक पोचले होते. साळव्यांनी भर मंडळीत उभं राहून त्यांना विचारलं, इस्पितळात झालं ते प्रभुभोजन धरायचं की नाही? पाळक तरुण. ते थोडा विचार करून म्हणाले, "मी त्या खोलीत नव्हतो." बाईंनी वॉकर टेकत पुढे येऊन त्यांच्याही हातून भाकर घेतली. म्हणाल्या, "दोन्ही लागू पडतात."

मी बी.ए.च्या वर्गात प्राचीन चर्चचे वाद शिकवते तेव्हा मुलं हटकून विचारतात, "मॅडम, मग बरोबर कोण होतं?" पूर्वी मी पुस्तकातलं उत्तर सांगत असे. आता मला आधी खिडकीपाशी पाठमोरे उभे असलेले साळवे दिसतात. खाणं नाकारूनही आईसाठी वाचणारे. मी मुलांना सांगते, दोन्ही बाजूंच्या माणसांना काहीतरी हरवण्याची भीती होती. कशाची, ते शोधा, आणि मग लिहा.