मूळ कारणाचा रकाना

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. गलोंड्याच्या औषध कारखान्यातील प्रयोगशाळा. ज्या टेबलावर मी रोज नमुने तोलते, त्याच टेबलावर माझी बॅग उलटी करण्यात आली. डबा. कंगवा. सॅनिटरी पॅडचे पाकीट. सुरक्षारक्षक बाईने तेही फाडून पाहिले. बाकीचे आठ जण भिंतीशी उभे. त्यांच्या बॅगा त्यांच्या खांद्यांवर.

प्लॅटिनमची मूस कपाटात नव्हती. नमुना जाळून उरलेली राख तोलण्याचे हे भांडे फार मौल्यवान. विभागप्रमुख मुंबईचे, एरवी मला ‘बेटा’ म्हणणारे. रुजू होताना दिलेला माझा जातीचा दाखला त्यांनी पाहिला होता. मी पारधी. इंग्रजांनी कायदा करून ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांतली. कायदा गेला. नजर राहिली.

सगळ्यांदेखत, समजावणीच्या सुरात ते म्हणाले, “राग मानू नकोस, बेटा. तुझा दोष नाही. काही जणांच्या जीन्समध्येच असतं ते. सायन्स आहे हे.”

शिवी दिली असती, तर मी उत्तर दिले असते. त्यांनी माझेच शास्त्र माझ्यावर उगारले. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी, खाली वाकून डब्याचे झाकण शोधत होते.

अर्ध्या तासाने मूस भट्टीत सापडली. शनिवारी पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवताना साहेबांनीच ती आत ठेवली होती आणि भट्टी निवण्याची वाट न पाहता ते निघून गेले होते. माफी कोणी मागितली नाही. झडतीचा धाक असलेला बरा, एवढेच ते हसून म्हणाले. दुपारी मी स्टोअरमध्ये शिरले, तर तिथला माणूस शेजाऱ्याला गुजरातीत म्हणतो, “ताळुं संभाळजे भाई, बेन आव्यां.” कुलूप सांभाळ, ताई आल्या. दोघेही हसले.

तिथे मी जागी झाले.

मूस माझ्याकडे सापडली असती, तर ते रक्त. सापडली नाही, तर धाकाने वळणावर आलेले रक्त. कोणत्याही पुराव्याने जे खोटे ठरूच शकत नाही, ते शास्त्र नव्हे. माझ्या वडिलांच्या गावी, धुळे जिल्ह्यात, चोरी कुठेही होवो, पोलीस आधी आमच्या वस्तीवर येत. मग उचललेली माणसे मोजून लोक म्हणत, बघा, यांच्यातच चोर जास्त. एकाच बॅगेत शोधले, तर चोरही त्याच बॅगेत सापडणार. उतावीळपणात, धाडसात, रागीटपणात वारशाचा काही वाटा असेलही; तो प्रत्येक माणसात असतो, साहेबांतही. पण चोरीचा म्हणून जीन नाही. जातीचा तर नाहीच.

आमच्या कामात ठरल्यापेक्षा काही वेगळे घडले, की डेव्हिएशन रिपोर्ट लिहावा लागतो. काय घडले आणि मूळ कारण काय. त्या दिवशी तो लिहिण्याची पाळी माझी होती. मूस कोणी, कुठे विसरली ते मी लिहिले. झडतीही लिहिली.

साहेबांनी वाचले आणि झडतीच्या ओळी खोडायला सांगितले. याच महिन्यात मला कायम करायचे होते. त्यावर सही त्यांचीच. उद्या सकाळपर्यंत विचार कर, म्हणाले.

संध्याकाळी डोकमर्डीच्या आमच्या खोलीत मी वडिलांना सगळे सांगितले. ते सुताच्या कारखान्यात मशीनवर असतात. गावी असताना सणावाराच्या आधी ‘खबरदारी’ म्हणून पोलिसांनी उचलून नेलेले. बराच वेळ ते पायाच्या भेगा चाचपत राहिले.

“झडतीमा मानूस मरत नही, पोरी,” ते म्हणाले. “नोकरी गयी तं मरस.”

त्यांचे चुकत नव्हते. मला मात्र रात्रभर ते पाकीट फाडल्याचा आवाज ऐकू येत होता.

सकाळी साहेबांनी कागद पुढे सरकवला. आमच्याकडे खाडाखोडीचा नियम कडक आहे: एकच आडवी रेघ, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी खोडणाऱ्याची सही.

“मी खोडणार नाही, सर,” मी म्हणाले. “तुम्ही खोडा. एक रेघ, सही, तारीख.”

त्यांनी पेन उघडले. कागदाकडे पाहिले. टोपण लावले. “तुझं कायम व्हायचं बघू आता,” म्हणाले. बेटा म्हणाले नाहीत.

बघा, सर. काढलेत, तर कारण लेखी मागेन. पुढच्या झडतीत आधी तुमचे खण उघडतील, मग माझी बॅग. माझ्या रक्ताविषयी बोलायचे असेल, तर यापुढे पुरावा आणून बोलायचे.

मूळ कारणाच्या रकान्यातली माझी शेवटची नोंद अशी आहे. हजर व्यक्ती : ९. झडती घेतलेल्या व्यक्ती : १.