चिंचेनं घासलेला कॅम

आज सकाळी उस्मानभाईंकडून आलं: पितळी कॅम एक, बारका स्क्रू एक. मजुरी दीडशे, तीही मी घासाघीस करून ठरवलेली.

मैत्रिणींनो, आमच्या ह्यांनी घरी वाफेचं छोटं इंजिन बनवलंय. त्यात वेळेवर वाफ सोडणारी चकती म्हणजे कॅम. आमच्या गल्लीतल्या उस्मानभाईंनी ती लेथवर केली, तासभर पुढं-मागं सरकवून वेळ जुळवली अन् स्क्रू आवळला. इंजिन झकास फिरलं.

दुपारी खंडेनवमीची पूजा. देवापुढं तेलकट यंत्र कसं ठेवावं? मी स्क्रू सोडून चकती चिंचेनं लख्ख घासली अन् अंदाजानं परत बसवली.

शेजारणींसमोर इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबलं.

"काकू, ह्याला बी नवरात्राचा उपास हाय काय?" एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या.

मी चिडून म्हणाले, "दीडशे घेतले अन् काम हे असं!"

निरोप गेला तसे उस्मानभाई धावत आले. वाकून पाहिलं अन् हळूच म्हणाले, "भाभी, स्क्रू कोणी खोलला?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं अन् म्हणाले, "माझाच हात लागला असंल."

उस्मानभाईंनी पुन्हा वेळ जुळवली. चहा ठेवला होता, तो न घेताच गेले.

त्या इंजिनासमोर आता माझ्यानं हात जोडवत न्हाईत.

सलमा, तू ह्या ग्रुपात हायेस. हे तुझ्या सासऱ्यांना, उस्मानभाईंना, वाचून दाखव. उद्या चहाला येतील का, तेवढं लगोलग उलट कळव.