चिकाच्या पडद्याआडची फर्माईश

दिवसा मी ठाण्याच्या एका हायस्कुलात गाण्याचा मास्तर आणि संध्याकाळी साहेबलोकांच्या क्लबात नाचाला पियानो वाजवणारा. पियानो लहानपणी चर्चमधल्या पाद्रीबाबांकडून शिकलेलो. असल्या माणसाला मुलगी कोण देणार? शेवटी कल्याणच्या एका घराने दिली, तर बायकोच म्हणायची, "दिवसा मास्तर, रात्री वाजंत्री! माहेरी सांगू तरी काय?" पण म्हणताना हसायची, म्हणून निभलं.

त्या वर्षी मात्र निभेल असं वाटेना. माझ्या वर्गातला गोड गळ्याचा एक मुलगा नाटक कंपनीबरोबर पळून गेला. झालं! सगळं गाव माझ्यावर उलटलं. गाण्यानेच पोरं बिघडतात म्हणे. अरे, पाढे शिकलेली पोरं कधी पळाली नाहीत का? शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब, पेन्शनर मामलेदार. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "बक्षीस समारंभात मुलांना शेवटचं गाऊ द्या, मास्तर. मग वर्ग बंद झाल्याचं मी तिथंच जाहीर करतो." मला असा संताप आला की त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही.

समारंभासाठी क्लबातला पियानो बैलगाडीतून आणवला. तालमीत मी साहेबी पद्धतीने चार-चार सूर एकदम दाबले, तर पोरांचं गाणं त्यात पार बुडून गेलं. घरी येऊन चरफडत बसलो. बायको म्हणाली, "त्या धुडाला तंबोऱ्यासारखं वाजवा की! नुसते षड्ज-पंचम. आणि पोरांना जात्यावरची ओवी म्हणू द्या."

"मुलग्यांनी ओवी म्हणायची? लोक हसतील."

"हसू देत. वर्ग तसाही बुडतोयच ना?"

समारंभाला पुरुष पुढे बसले, बायका मागे बांबूच्या कामट्यांच्या चिकाच्या पडद्याआड. मी डाव्या हाताने सा आणि प धरला, त्यातच क्लबातल्या नाचाचा उडता ठेका हळूच सोडला, आणि पोरं ओवी गायली. काय गायली! पण पुढच्या रांगेत नुसती चुळबुळ, एक टाळी नाही. रावसाहेब बोलायला उभे राहिले.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला, "बाळांनो, पुन्हा म्हणा रे. माझी आई म्हणायची ही."

चारचौघांत बाईमाणसाने तोंड उघडायचं नाही, असा तो काळ. कोण बोललं ते रावसाहेबांच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं. त्यांचंच कुटुंब! ते लालबुंद होऊन पडद्याकडे वळले. आता गरजणार, असं वाटून मी मान खाली घातली.

रावसाहेबांनी घसा खाकरला. "म्हणवा, मास्तर," ते म्हणाले, "आतून फर्माईश आली आहे." आणि खाली बसले.

ते भाषण त्यांनी पुढे कधीच केलं नाही. त्याच वर्गात शिकवत शिकवत मी म्हातारा झालो.