लंगड्या मोराची तुळई

अख्ख्या मिशिगनमध्ये कुणापुढेही मान न वाकवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. "वाकायला मुळात उंची लागते," असं आमची ही त्यावर म्हणते. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल हे तिनं बोललेलं चालतं, मी बोललो की तिच्या माहेरचा अपमान होतो. माणूस मूळचा नागपूरचा, नोव्हायमध्ये गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर. गाड्या थांबवणं हा पोटाचा धंदा; स्वतः मात्र एकदा सुटले की कुणाला आवरत नसत.

कंपनीनं एका हिवाळ्यात त्यांना इंग्लंडच्या कुठल्याशा खेड्यात पाठवलं. मुक्काम एका शेकडो वर्षं जुन्या सराईच्या माडीवर; खाली पब, वर खोल्या. परत आले ते फक्त देहानं. तोंडात एकच विषय : ती दगडी शेकोटी, धुरानं काळी पडलेली लाकडं, उंच पाठीची बाकं, भिंतीवरचे घोड्याचे पितळी साज आणि आत शिरताच कपाळाशी येणारी ठेंगणी तुळई. "साडूभाऊ, तिथं लॉर्ड येवो का गुराखी, पाहुणा वाकूनच आत येते. ताठ असते तो एकटा मालक! आपण तं या देशात उतरलो तवापासून पाहुण्यासारखे वाकूनच चाललो नं जी!"

मग त्यांनी घराच्या बेसमेंटमध्ये तशीच सराई उभारायला घेतली. कुठल्या तरी शेतावरचं जुनं धान्याचं कोठार पाडलं जात होतं, तिथली तुळई ट्रक भाड्यानं घेऊन आणली आणि आत शिरायच्या वाटेवर छताखाली ठेंगणी बसवली. नवीन फळ्या जुन्या दिसाव्यात म्हणून सायकलच्या चेननं बडवल्या, वर कडक चहा चोळला. त्या महिन्यात ताईंच्या घरी गेलं की पाहुण्यांना सरबत मिळायचं. लाकडाला धुराचा रंग चढावा म्हणून रोज धूप जाळला, त्यामुळे सराई दिसायला इंग्लंडची झाली आणि वासाला दत्ताच्या देवळाची. पाटीवर स्वतः मोर रंगवला. लेक म्हणाली, "बाबा, दॅट्स अ डक. अँड इट्स लिम्पिंग." त्यावर नाव ठरलं : 'लंगडा मोर'. स्वतः दारूला न शिवणारा माणूस, त्यामुळे कथलाच्या कानवाल्या मगांतून मिळायचं ते ताक. "फेस आहे नं वर? मंग झालं!"

नियम एकच. तुळईखालून आत आलेल्या माणसानं व्हिसा, ग्रीन कार्ड आणि घराच्या किमती यांविषयी तोंड उघडायचं नाही. एकानं चुकून विचारलं, "मग, तुमचं ग्रीन कार्ड कुठवर आलं?" साडूंनी त्याच्या हातातला अर्धा मग काढून घेतला. "वरती किचनमध्ये जाऊन विचारा. इथं नाही." बैठक दर शनिवारची ठरली. पहिल्या शनिवारी मंडळी अर्धा तास नुसती एकमेकांकडे बघत बसली, कारण दुसरा विषयच नव्हता. मग हळूहळू सापडत गेले. वर्षानुवर्षं ओळखीचा एक प्रोजेक्ट मॅनेजर कोंबड्याची हुबेहूब बांग देतो, हे आम्हांला तिथं कळलं.

आता एक खरं सांगून टाकतो. बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये साडूंची नक्कल मीच करायचो, आणि ती उत्तम व्हायची. आतून मात्र शनिवारची वाट बघायचो. ऑफिसात माझी मान सोमवारपासून नुसती हो हो करत हलायची. त्या तुळईखाली मी वाकायचो ते तेवढं मनापासून.

बेसमेंटची वायरिंग तपासायला सिटीचा इन्स्पेक्टर आला आणि वायरिंगआधी त्याचं कपाळ तुळईवर आपटलं. छत नियमापेक्षा खाली आलंय, हे लाकूड काढा, म्हणाला, आणि आठवड्यानं परत येतो म्हणून गेला. मी तिथंच होतो. "कापून टाका ना," मी म्हणालो, "कशाला वाद?"

"काहून कापू?" साडू म्हणाले. "तुमची मान हाय का ती?"

आठवडाभर ते बेसमेंटमधून वर आले नाहीत. इन्स्पेक्टर परत आला तेव्हा तुळई छतापासून सुटी होऊन चार पायांच्या दोन भक्कम खांबांवर उभी होती. तसूभरही वर गेलेली नव्हती.

"छत ते वर आहे, मोजा. हे फर्निचर आहे," साडूंनी इंग्रजीत सुनावलं. "लोकांच्या डायनिंग टेबलची उंची मोजता काय तुम्ही?"

इन्स्पेक्टरनं खांब हलवून पाहिले, छत मोजलं, वायरिंग पाहिलं, सही केली. मग कुणी न सांगता वाकला, आत आला आणि ताक प्यायला.

दोन हजार आठमध्ये गाड्यांच्या कंपन्यांनी माणसं काढली, त्यात साडूंचीही नोकरी गेली. काम मिळालं ते ओहायोतल्या डब्लिनला, कॉन्ट्रॅक्टवर. घर विकायला निघालं. एजंट म्हणाली, हा सांगाडा भंगारात द्या. "फर्निचर आहे, संगं येईल," साडू म्हणाले. पण भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. साडू तुळईवर हात ठेवून उभे होते.

"माझ्याकडे येईल ती," मी म्हणालो. कुणाला न विचारता.

घरी यथास्थित महाभारत झालं. "हॉल आणि किचनच्या मध्ये? रोज डोकं फोडून घ्यायचं?" ही म्हणाली. मुलानं कोर्टकचेरीची भीती घातली, "डॅड, समबडी इज गोइंग टू स्यू अस." उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा "नाही" म्हणालो. तुळई राहिली.

नाताळच्या सुट्टीत साडू आणि ताई ड्राइव्ह करून आले. साडू तुळईपाशी थांबले, लाकडावरून हात फिरवला, आणि गरज नसताना, चांगले कमरेतून वाकून आत आले.

"अहो, तुम्ही कशाला वाकता?"

"मालक तुम्ही नं आता," ते म्हणाले. "पाहुणा मी. ताक आणा."

मी त्यांच्या मागोमाग किचनकडे वळलो. मालकानं वाकायचं नसतं, हे मला ऐन वेळी आठवलं. ताठ मानेनं निघालो आणि कपाळ सडकून आपटलं.

"लागलं काय जी?"

"छे!"

चारेक दिवसांत टेंगूळ उतरलं. तोवर साडूही डब्लिनला परत गेले होते. आरशात सपाट कपाळ बघून मला चक्क वाईट वाटलं.