ओढ्याच्या तोंडाशी आलेले मासे

आमच्या गावचा ओढा पंचगंगेला मिळतो तिथं मी आठवीच्या मुलींना घेऊन पहिल्यांदा गेले, तेव्हा नाकाला पदर लावून उभी होते. बाईंनीच नाक धरलंय म्हटल्यावर मुलींनीही ओढण्या लावल्या. मी विज्ञान शिकवते. नदीचा धडा नदीवर शिकवावा, एवढीच माझी हौस होती. पण नदी दिसतच नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णीचं केंदाळ माजलं होतं. ओढ्याच्या तोंडाशी निर्माल्याच्या पिशव्या, गाद्यांचा कापूस आणि बाटल्या अडकल्या होत्या.

काठावर एक म्हातारे भोई जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय बघाय आलाय, पावणं?"

"नदी," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "उशीर केला की, बाई."

त्यांच्या त्या बोलण्यानं मला लाज वाटली की राग आला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले, बरोबर हातमोजे आणि खुरपी घेऊन. मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिथंच. सुरुवातीला गावातले लोक पुलावरून बघत जायचे. नंतर मुलींचे बाप आले, तरुण मंडळाची पोरं आली, कुणी ट्रॅक्टर दिला. केंदाळ ओढून काढायला दोन उन्हाळे लागले. ओढ्याच्या तोंडाशी पाणी मोकळं झालं, तिथं आम्ही लव्हाळा लावला, काठाला वाळुंज आणि करंज लावले. म्हाताऱ्यांना आता मुली आज्जा म्हणत. ते मुलींना माशांची नावं सांगायचे. कुठला मासा खडकात राहतो, कुठला चिखलात, कुठला नुसता गाळ खाऊन जगतो. मुली वहीत लिहून घ्यायच्या आणि विचारायच्या, "आज्जा, हा कुठं दिसंल?" बहुतेक वेळा ते म्हणायचे, "आता न्हाय दिसायचा. तुमी लिवून ठेवा."

तिसऱ्या वर्षी मासे आले. आधी बारीक आंबळ्या, मग चिलापी, मग लव्हाळ्याच्या सावलीला एक वाम. मी आज्जांना विनंती केली की या तोंडाशी पागाचं जाळं टाकू नका, मासे इथं निवांत राहू देत. त्यांचं पोट त्यावर होतं. तरी ते म्हणाले, "न्हाय टाकत. ऱ्हाऊ द्यात."

त्या जूनमध्ये शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि पाऊस लांबला होता. नदीवरच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, अजून काढले नव्हते, त्यामुळे पाणी तुंबून उभं होतं. एका शनिवारी आज्जांनी मुलींना हळूच खाली बसवलं आणि बोट दाखवलं. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वळवळत होता आणि त्याच्या खाली एक काळी सावली स्थिर उभी होती.

"मरळ हाय," ते म्हणाले. "पिल्लं मोठी होईस्तवर जागा सोडत न्हाय. जाळं टाका, काठी मारा, जायाची न्हाय."

एका मुलीनं ओंजळ पाण्यात बुडवली. दोन पिल्लं तिच्या तळहातावर आली नि गेली. तिचा तो चेहरा बघून मला वाटलं, नोकरीत एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

मंगळवारी पहाटे आज्जा माझ्या दारात उभे होते. "बाई, पोरींस्नी घेऊन येऊ नका," एवढंच म्हणाले.

पण मी पोचले तेव्हा मुली आधीच तिथं होत्या. वरून कुठून तरी पाणी सोडलं होतं. ते काळपट आणि फेसाळ होतं आणि त्याचा वास घशात बसत होता. मुख्य नदीत मेलेले मासे तुरळक होते. ओढ्याच्या तोंडाशी मात्र खच पडला होता. पांढरी पोटं वर करून ते लव्हाळ्यात अडकले होते. आम्ही केलेल्या सावलीतच सगळे गोळा झाले होते. मरळही तिथंच होती, काठाला लागलेली. पिल्लं कुठं दिसली नाहीत.

आम्ही खड्डा खणला. ओंजळीत पिल्लं घेतलेली मुलगी टोपलीतून मासे आणून टाकत होती. काम संपल्यावर ती शाळेच्या हौदावर हात धूत बसली. साबण संपला तरी धूतच होती.

"बाई," ती म्हणाली, "आपण जागा केली नसती तर ते दुसरीकडं गेले असते?"

मी तिला पाण्यातल्या प्राणवायूबद्दल सांगितलं. बरोबर सांगितलं, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ती मान हलवत राहिली.

अधिकारी आले, बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. अहवालाची वाट बघण्यात पावसाळा गेला, अहवाल आला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, आता पुरे, मुलींच्या मनावर परिणाम होतोय. मीही लगेच हो म्हटलं. खरं तर मलाच जायचं नव्हतं. वर्गात फळ्याकडे वळले की पाठीमागं कुणीतरी पाण्यात वळवळल्यासारखं वाटायचं. घरात मासे शिजवणं मी बंद केलं.

दिवाळीनंतर एकदा एकटीच गेले. पाणी निवळ होतं आणि लव्हाळ्याखाली पुन्हा बारीक आंबळ्या चमकत होत्या. मी एक खडा उचलून त्यांच्यात टाकला. मग दुसरा. जा, असं मी मोठ्यानं म्हणत होते. मागं आज्जा कधी येऊन उभे राहिले, मला कळलं नाही.

"कुठं घालवताय त्यांस्नी?" त्यांनी विचारलं. "फुडं काय चांगलं पाणी हाय व्हय?"

मी तिथंच खाली बसले आणि रडले. ते बाजूला बसून राहिले.

जानेवारीत मुलींनीच पुन्हा सुरुवात केली. वरच्या गावांतल्या शाळांना त्यांनी पत्रं लिहिली. आता तिथल्या मुली रोज सकाळी पाणी बघतात आणि रंग बदलला की फोन करतात. फोन आला की गावातली माणसं ओढ्याच्या तोंडाशी वाळूची पोती रचतात, काळं पाणी आत येऊ नये म्हणून. दोनदा ते जमलं. एकदा फोन उशिरा आला.

आज्जा गेल्या वर्षी वारले. मुलींच्या वहीत त्यांनी सांगितलेली नावं आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त मासे मी कधी पाहिलेले नाहीत. नव्या आठवीला मी ती वही वाचून दाखवते. मुली विचारतात, "बाई, हे परत येतील?" मी म्हणते, येतील. आणि ते आले तर काय, ही भीती मनातच ठेवून वही मिटते.

शनिवारी अजून जाते. मुली पुढं पळतात. मी मात्र बांधावर थांबून आधी वाऱ्याचा वास घेते, मगच खाली उतरते.