डोहावरचा बोर्ड

पोलादपुरातलं झेरॉक्सचं दुकान आणि गावच्या मत्स्य समितीचं सचिवपद एकाच माणसाच्या गळ्यात पडलं, की किस्से आपोआप साठतात. कागद माझ्याकडून निघतो आणि त्यावरची भांडणंही माझ्याच काउंटरवर येतात. हल्ली मात्र ते सांगताना पूर्वीसारखं हसू येत नाही.

*

सावित्री नदीच्या आमच्या डोहातला मासा कमी कमी होत चालला होता. मत्स्य खात्याचे साहेब जीपमधून आले, म्हणाले, “कायदा आता कडक झालाय. समिती करा, बोर्ड लावा!” मी बोर्ड रंगवून घेतला: ‘प्रजननकाळात मासेमारीस सक्त मनाई.’ अध्यक्ष तुकारामतात्या. सगळा जन्म नदीत गेलेला माणूस. त्यांनी बोर्ड माझ्याकडून वाचून घेतला.

“प्रजननकाळ म्हंजे कधी रे?”

“वलगण, तात्या! पहिल्या पावसात अंडी घालायला मासा ओढ्यात उलटा चढतो ना, तेव्हा.”

“वलगण बंद? मग मासा धरायचा कधी?”

बैठक हसली. पण प्रश्न खराच होता. वलगणीचे ते चार दिवस म्हणजेच आमची मासेमारी!

*

नोटिशीत एक ओळ होती, ‘पोटात अंडी असलेले मासे पकडू नयेत.’ ओढ्यावर मासे धरणाऱ्या यशोदाकाकूंनी भर सभेत साहेबांना विचारलं, “धरल्याबिगर पोट कसं बघू?”

साहेबांनी चहा मागवला.

*

मग बारीक जाळ्यांवर बंदी आली. काकू ओढ्यात मच्छरदाणी लावून बसलेल्या, आत करंगळीएवढी पिल्लं.

“काकू, बारीक जाळं चालत नाही आता.”

“जाळं कुठं हाय? मच्छरदानी हाय ही! वाच तुझा कागद, मच्छरदानी लिवलीय काय?”

मी वाचला. नव्हती लिहिलेली!

*

पुढचा किस्सा मी फारसा सांगत नाही. मे महिन्यात तात्यांचा पुतण्या मुंबईहून आला आणि पार्टीसाठी त्यानं डोहात ब्लीचिंग पावडर टाकली. मोठे दहा-बारा मासे त्यानं नेले. बोटभर पिल्लं दोन दिवस पोट वर करून तरंगत होती. मी साहेबांना फोन लावणार, एवढ्यात तात्या दुकानात आले.

“घरचाच हाय रे. दम दिलाय मी त्याला.”

महिन्याच्या तक्त्यात ‘गुन्हे’ या रकान्यात मी लिहिलं: निरंक. त्याची मला अजून लाज वाटते.

*

यंदा वलगणीची बंदी शंभर टक्के पाळली गेली! ना जाळं, ना मच्छरदाणी. साहेबांचा फोन आला, “अभिनंदन! तुमचा रिपोर्ट आदर्श म्हणून वर पाठवतो.”

तात्या तीन दिवस ओढ्याच्या तोंडाशी राखणीला बसले होते. पुतण्यालाही त्यांनी निक्षून सांगितलं होतं, येऊ नकोस म्हणून. चौथ्या दिवशी ते चिंब भिजलेले दुकानात आले. मी तक्ता भरत होतो.

“काय लिवतोस?”

“गुन्हे, निरंक.”

“निरंक म्हंजे?”

“काहीच नाही, तात्या.”

“आनि मासं किती चढलं, त्याचा रकाना हाय काय?”

“नाही.”

मी आत्ताच लिहिलेल्या शब्दावर त्यांनी ओलं बोट ठेवलं.

“एक बी चढला नाय. बोर्डावरचं सगळं पूस,” ते म्हणाले, “आनि तोच शब्द लिव.”